आठवी चौकट

मे महिन्यात एक मुलगी आली, शाल्मली नावाची,
घराचा ताप मोजायला.
जिथे चर्चचं कॅलेंडर असतं त्या खिळ्याला
काडेपेटीएवढं यंत्र लटकवलं.
पंधरा दिवस राहू द्या, म्हणाली,
ते दर दहा मिनिटांनी आपलं आपण लिहून ठेवतं.
मग कागद काढला. सात चौकटी,
खूप थंडपासून खूप उष्णपर्यंत.
आत्ता, या क्षणी, कसं वाटतंय तुम्हाला?

आत्ता, पण कुठल्या खोलीत?

मी रात्रपाळीची नर्स. माझी रात्र सकाळी नवाला सुरू होते
आणि मरोळ गावठाणातलं हे घर
मला एका जागी झोपू देत नाही.
नवाला माळा. कौलं अजून पहाटेत असतात.
अकराला ती टक् टक् बोलायला लागली
की उशी काखेत घालून मी जिना उतरते,
मधल्या खोलीत, जाड भिंतीला पाठ लावून.
भिंतीत कालची रात्र थोडी शिल्लक असते,
ती एकपर्यंत पुरते.
मग मोरीजवळचा कोबा, ओल्या फडक्याने पुसलेला.
उगाच कौतुक नको :
दोन ते चार हे घर कुणाचंच नसतं.

चारला ओटा. खाडीकडून वारा यायचा,
सुक्या बोंबलाचा वास घेऊन.
आता तिथे अठरा मजले आहेत.
सावली लवकर पडते, ती त्यांनी फुकट दिली.
वारा ठेवून घेतला,
आणि त्यांच्या एसींचा उच्छ्वास आमच्या गल्लीत.

पास्कू म्हणतो, आपणही लावू.
मिस्त्री आला, वर बघून हसला,
बाई, या फटींतून सगळा गारवा पळेल.
त्याच फटींतून सत्तर वर्षं उकाडा पळतोय
हे मी त्याला सांगितलं नाही.
चहा दिला.

कागदावर सहा आणि सातच्या मधल्या रेघेवर
मी लिहिलं : सोसवतं.
शाल्मली पेन चावत राहिली.
आंटी, हे कशात धरू?

बाराव्या दिवशी, भर तीनला, जाग आली.
भिंतीवर यंत्राचा हिरवा ठिपका
धाप लागल्यासारखा लुकलुकत होता.
उठले, खिळ्यावरून काढलं,
कोब्यावर माझ्या शेजारी ठेवलं
आणि पुन्हा डोळे मिटले.

तिच्या नोंदींत एक दुपार
घरापेक्षा गार निघेल.