हयसून

जूनमध्ये मी त्याचं नाव पटावर लिहिलं:
युग भालचंद्र तांडेल,
वय चार वर्षं सात महिने, वजन तेरा किलो तीनशे,
आणि 'बोलतो का' या रकान्यात
एक रेघ.

आमची अंगणवाडी बंदराच्या उताराला,
बर्फाच्या फॅक्टरीच्या पाठीमागे.
सकाळी आधी लाद्या फुटल्याचा आवाज येतो,
मग मुलं.
भिंतीवर वरून आलेला तक्ता आहे, त्यात ब बदकाचा.
बदक इथे कुणी पाहिलेलं नाही.
मनस्वी मेथर बोट ठेवून म्हणते, बगळो.
रिहान होडेकर न बघताच म्हणतो, बांगडो.
आणि जुंपते.
पूर्वी मी ते मिटवायचे.
बदक, मी म्हणायचे, सगळ्यांनी म्हणा, बदक.
बावीस वर्षं सगळ्यांनी म्हटलं.

युगने म्हटलं नाही.
तो खाऊच्या ताटलीपुरता रांगेत यायचा
नि परत खिडकीशी, गजांना कपाळ टेकवून
खालच्या शेडीत जाळी शिवणाऱ्यांकडे बघत.
मी हाताला धरून आणायचे.
यायचा. बसायचा, ओल्या पिशवीसारखा.
माझी पाठ वळली की पुन्हा खिडकी.
गणपतीपर्यंत मी हे मोजत होते,
मग मोजणं सोडलं.

एक दिवस, दुसरं काही सुचेना म्हणून,
मीच जाऊन बसले त्याच्या शेजारी,
खाली, त्याच्या उंचीला.
(गुडघे दुखत होते, हेही खरं.)
तिथून तक्ता दिसतच नव्हता.
दिसत होती बोटं, निळा दोरा,
आणि एक मांजर, बोटांमागे मान हलवणारं,
अगदी युगसारखी.

दुसऱ्या दिवशी आमच्या मदतनीस शेवंतीने
नवऱ्याकडनं फाटक्या जाळ्याचा तुकडा आणला
आणि बांबूची बोथट सुई.
मी तो पसरला, आणि कुणाला काही सांगितलं नाही.
हे फार अवघड असतं, काही न सांगणं.
टोपलीतल्या तिसऱ्यांसारखे
शब्द तोंडात वाजत राहतात.
रिहान जाळ्यावर आडवा झाला. मनस्वीने
एक टोक डोक्यावर घेतलं, नवरी झाली.
मी दोरा ओवून गाठ घातली. सुटली.
परत घातली.
परत सुटली.

तेव्हा माझ्या कोपराजवळून,
नाक ओढत, जरा वैतागून:
'तशी नाय गो. हयसून.'

त्याचं पहिलं वाक्य. माझी चूक काढणारं.
मी रडले-बिडले नाही.
मी विचारलं, 'हयसून?'
त्याने सुई माझ्या हातातून घेतली
आणि त्याचीही गाठ सुटली.
त्याला त्याचं काही नव्हतं. 'परत,' म्हणाला.
साडेअकरापर्यंत आम्ही परत परत केलं.
शेवंती बघत राहिली, खिचडी लागली खाली.

नोव्हेंबरात पर्यवेक्षिका आल्या, सामंत मॅडम.
रजिस्टर मांडीवर. 'आजचा पाठ?'
रकाना बोटभर.
मी लिहिलं: गाठ.
'ग गाठीचा?'
'नाही,' म्हटलं, 'गाठच.'
पेनचं टोपण उघडं ठेवून त्या बराच वेळ
जाळ्याकडे बघत होत्या.
सही करायची राहिलीच.

युग अजून फारसा बोलत नाही.
बदकाला तो काय म्हणतो, मला ठाऊक नाही.
तक्ता मी काढलेला नाही, सरकारी आहे,
फक्त त्याच्याच खिळ्याला आता जाळं लटकतं
आणि जाळ्यात मधोमध एक भोक आहे,
युगच्या मुठीएवढं,
ते कुणी मला शिवू देत नाही.
का, म्हणून विचारलं तर रिहान
माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखा सांगतो,
'थयसून मोरी पळाली.'