कानोसा

भिंतींना कान असतात, म्हणतात.
मिलवॉकीत ते दिव्याच्या खांबांना आहेत,
आणि त्यांना आलेलं ऐकू जातं मला,
दीड हजार मैलांवर, टूसॉनच्या वाळवंटात,
एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून
रात्रपाळी करणारीला.

काम सोपं आहे.
यंत्र आधी ऐकतं, आधी ठरवतं,
मग मला पाठवतं तीन सेकंदांचा तुकडा.
दोन बटणं: गोळीबार. गोळीबार नाही.
मुदत एक मिनिट.
मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकते,
बाबा बाजारात कलिंगडावर टिचकी मारून ऐकायचे
तशी.
(त्यांची निम्मी कलिंगडं पांढरी निघायची.
आम्ही साखर पेरून खायचो.)

तुकड्याच्या कडेला कधी काही चिकटून येतं:
कुत्रं, बर्फात घसरलेलं चाक,
कुणाला तरी जेवायला बोलावणारी एक बाई.
ते ऐकायचा पगार नाही.

जानेवारी. रात्रीचे एक सत्तेचाळीस.
यंत्र म्हणालं: कचरापेटीचं झाकण. एकाहत्तर टक्के.
मी पुन्हा लावलं.
आदल्या आठवड्यात ड्वेननं एक खरी गोळी
फटाका म्हणून सोडून दिली होती.
ती जिला लागली तिचा फोटो
सुपरवायझरनं कॉफी मशीनवर चिकटवला होता,
एक शब्द न बोलता, साध्या टेपनं.

मी कानांवर हात ठेवले,
हेडफोन घट्ट दाबायला,
आणि उत्तर बदललं.
गोळीबार. एक.
अकरा सेकंद शिल्लक होते.

लॉन्ड्रीच्या मागे तेव्हा
लॉन्झेल पेटवे नावाचा माणूस
ड्रायरमधली लव पेटीत टाकून परत निघाला होता.
मला हे कळलं ऑगस्टमध्ये, समन्समधून.
त्यात त्याचं आडनाव दोन प्रकारे लिहिलं होतं.
पुंगळी मिळाली नाही.
भिंतीला भोक नाही, माणसाला नाही.
पण तो परोलवर होता, आणि निळे दिवे बघून पळाला.
उरलेली शिक्षा: सात वर्षं.

सुनावणीला मी स्क्रीनवर.
त्याच्या वकील, ओकोन्स्कीबाई, सर्दी झालेल्या,
विचारतात: यंत्र पेटी म्हणालं, तुम्ही गोळी. काय ऐकलंत?
मी म्हणाले, आवाजाची चढती कड.
असं म्हणायला ट्रेनिंगमध्ये शिकवतात.
सरकारी वकील म्हणाले,
यंत्र आणि माणूस, दोघांनी तपासलंय.
म्हणजे मी यंत्राकडे बोट दाखवावं,
यंत्रानं माझ्याकडे,
आणि मधे जी चिंचोळी जागा उरते
तिथे पेटवे बसलेला, नारिंगी कपड्यांत,
कागदी पेल्यातलं पाणी न पिता.

मग ओकोन्स्कीबाईंनी लांब तुकडा लावला.
कंपनीकडून भांडून मिळवलेला. नऊ सेकंद.
माझे तीन संपले, तो धाडकन आवाज विरला,
बर्फ कचकचला,
आणि एक पुरुष हलकेच म्हणाला,
सॉरी.

कुणाला? तिथे कुणी नव्हतं.
मिटलेल्या खिडक्या होत्या,
आणि पावणेदोन वाजता झोपलेली माणसं.

हा आवाज कुणाचाही असू शकतो, सरकारी वकील म्हणाले.
ते खरंच आहे.
पेटवे टेबलाकडे बघत होता.
एवढ्यात माझी लिंक बंद केली.

निकाल आम्हाला कळवत नाहीत.
ओकोन्स्कीबाईंना दोनदा फोन लावला, उचलला नाही.
ड्वेन म्हणतो, कानाआड कर.
फोटोच्या टेपचं एक टोक आता सुटलंय.

तुकडा संपला तरी मी हेडफोन काढत नाही.
पुढे काही नसतं, कापलेलं असतं.
पहाटे घरी जाऊन कचरा टाकते तेव्हा
झाकण दोन्ही हातांनी धरते,
सावकाश खाली टेकवते.
तरी वाजतंच थोडं.