हळदीचा डाग

गुरुवारी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत
वडील मंडळींचा वाद पुन्हा पेटला.
साळवेकाका म्हणाले, तारण विश्वासानं, फक्त विश्वासानं,
आणि चहा बशीत ओतला.
रणभिसे मास्तर म्हणाले, कृती नसेल तर विश्वास कसला,
नुसता सांगाडा तो,
आणि स्वतःचा कप गार होऊ दिला.
दोघांच्या मांडीवर एकच पुस्तक,
बोटं वेगवेगळ्या पानांत अडकलेली.
तीन गुरुवार झाले, बोटं तिथंच.

दीनाआत्या कोपऱ्यात उशांचे अभ्रे दुमडत होती.
मिरजेला दवाखान्याच्या धुलाईघरात चौतीस वर्षं काढलेली,
तिला सुरकुती दिसली की राहवत नाही.
मध्येच उठली.
"यल्लाप्पाचं ड्रेसिंग राहिलंय," म्हणाली,
"माझ्या वाटणीचं आमेन तुम्हीच म्हणा."
मी बॅटरी घेऊन मागोमाग गेले.

यल्लाप्पा सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल.
बाप हरिपूरच्या पेवांत उतरायचा,
हा पोती उचलतो.
मान, पाठ, कानांच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या,
जणू रोजच बोहल्यावर चढायला निघालेला.
पोत्याखाली सापडून घोटा चिघळलेला,
आणि वरून दारू.

आत्यानं त्याचा पाय मांडीवर घेतला
आणि शिव्या सुरू केल्या,
रविवारच्या शाळेत न शिकवलेल्या.
तो हसला, कळवळला, मग रडायलाच लागला.
तिच्या हातातला बोळा
जराही थरथरला नाही.

परतताना मी विचारलं,
"हे पुण्यासाठी का गं, आत्या?"
ती गल्लीतच थांबली.
"पुण्याचं खातं माझ्या आज्यानं बंद केलं,
कृष्णेत उतरला त्या दिवशी.
सगळं देणं फेडलंय, असं त्याला सांगितलं.
फेडलंय तर फेडलंय.
मग एवढे मोकळे हात घेऊन
माणसानं बसायचं कुठं?"

वाटलं, हे साळवेकाकांना सांगावं.
मग वाटलं, नको, मास्तरांना.

"आणि खरं सांगू?
अमोस गेला त्या साली माझी प्रार्थना आटली.
ओठ हलायचे, आत कुणी नसायचं.
चादरी मात्र धुतल्या, रोजच्या दोनशे.
तेव्हा माझ्याजवळ विश्वास होता की नुसती सवय,
मी विचारलं नाही.
तोही काही बोलला नाही."

'तो' म्हणजे अमोस की देव,
ते मीही विचारलं नाही.

सकाळी मोरीत
यल्लाप्पाच्या पायाखाली अंथरलेली चादर.
मी डागाला साबण लावला. डाग लाल झाला.
चोळला, आणखी लाल,
कुणी कापून घेतल्यासारखा.
मी ओरडलेच.
आतून आत्या म्हणाली, "चोळू नकोस गं.
हळद हातानं निघत नाही.
तिला ऊन काढतं."

मी हात झटकले. सुटले, असं वाटलं.
बादलीत चादर, वर ऊन,
आणि मधे गच्चीचा जिना, एकोणीस पायऱ्या.
आत्या गुडघा धरून दारात उभी.
"मग? ऊन काय मोरीत येणाराय?"

ओली चादर किती जड असते,
हे त्या दोघांच्या पानांत असेलही कुठंतरी.
मला अकराव्या पायरीवर कळलं.

संध्याकाळी काढायला गेले
तर डागाची जागा शोधावी लागली.
सापडली. ताकाच्या निवळीइतकी फिकट.
मी घडी घातली
आणि ती बाजू मुद्दाम वर ठेवली.
यार्डाकडून वारा येत होता, नाकात हळद.
यल्लाप्पा लंगडत कामावर गेला होता,
आणि रात्री ही चादर पुन्हा
त्याच्याच पायाखाली जायची होती.