वजा एक, अधिक दोन

हर्णैच्या सोसायटीतलं मशीन बत्तीस बिटांचं.
त्याच्यासाठी तयार पॅच आता कुणी बांधत नाही.
यादीच्या तळाशी तसं लिहिलं होतं दीड ओळीत,
दिलगिरी नाही, कारण नाही.
"आयता घे की, दोन मिनिटांचं काम," पुण्याहून फैजान म्हणाला.
आयतं हर्णैपर्यंत पोचत नाही रे,
आमच्या वाट्याला सोर्सच.

दिवस बंदीचे, ते एक बरं.
होड्या आंजर्ल्याच्या खाडीत, झापांनी शाकारलेल्या.
लिलाव नाही, बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर गप्प.
मशीन दोन दिवस अडलं तरी
कुणाची पावती अडणार नाही.

आधी सही पडताळली. जुळली.
मग पॅच उघडून वाचला, बोट ठेवून,
शाळेत धडा वाचायचे तसा.
एक ओळ वजा, दोन ओळी अधिक.
इतकी वर्षं तिथं मापच घेतलं जात नव्हतं:
चाळीस किलोच्या क्रेटात कुणी साठ ओतले
तर वरचे वीस सांडायचे शेजारच्या क्रेटात
आणि शेजाऱ्याच्या नावावर चढायची
फुकटची सुरमई.
नव्या ओळी एवढंच म्हणतात:
ओतण्याआधी बघ, मावतंय का.

संध्याकाळी सातला बांधायला लावलं.
पडद्यावरून फायलींची नावं सरकत राहिली,
मी डबा उघडला, भाकरी संपवली,
नावं सरकतच होती.
पाचव्या तासाला लाइट गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.

यशवंत रघुवट्यांच्या इंजिनाची बॅटरी
बंदीपुरती घरी आणलेली, भरून ठेवलेली.
त्यांनी ती हातगाडीवर घातली,
काही न विचारता.
तारा जोडल्या तेव्हा टिटवी थांबली.
मग ते स्टूल ओढून बसले.

"हे करतंय काय, शिरीनबाई?"
"स्वतःलाच बांधतंय."
"चालू असताना?"
"हो."
"आणि बुडत नाही?"
"अजून तरी नाही."

पहाटे ते बसल्या जागी झोपले,
तोंड उघडं, हात मांडीवर
जणू सुकाणू धरलंय.

दुपारी दोनला संपलं.
मशीन बंद होऊन परत उठलं, त्याच्या मध्ये
काळ्या काचेत माझा चेहरा दिसला,
पदर सरळ केला.
मग तीच खाती, तेच आकडे,
रघुवट्यांची मार्चातली साडेतीन किलो कोळंबी
अजून येणे बाकी.

"नवीन काय आलं त्यात?"
"काही नाही. एक भोक होतं, बुजवलं."
"पाडलं कुणी होतं?"
आत नाव असतं, तारीख असते. शोधून दाखवलं.
"आणि बुजवलं कुणी?"
तेही दाखवलं. नाव तेच.
मध्ये बावीस वर्षं.

रघुवटे त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिले.
त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.
मग उठले, धोतराला लागलेली धूळ झटकली,
म्हणाले, "बॅटरी पोचव संध्याकाळी.
पाणी तपासून पोचव."