पहिली छाप

"काका, फक्त पहिली छाप सांगा," म्हणाली मृण्मयी
आणि लॅपटॉप माझ्या ताटाशेजारी उघडून
बोरिवलीला शिकवणी घ्यायला निघून गेली.
"डाउनलोड काही करायचं नाही. ब्राउझरमध्येच चालतो."
गेम म्हणे. गोष्टीचा.

पहिली छाप.
खेतवाडीच्या प्रेसमध्ये ती हाताला लागायची:
दमट कागद, न वाळलेली शाई,
कडेला चार बोटं समास
आणि माझं लाल पेन.
छत्तीस वर्षं लोकांची वाक्यं वाचली
अर्थात न शिरता, वेलांट्या मोजत.

इथे काळ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटतं,
आत कोणी सावकाश खिळे जुळवत बसल्यासारखं.
'बेटावर पोस्ट आहे. तू तिथला एकटा कारकून.
थैलीत एक पाकिट उरलंय. त्यावर पत्ता नाही.'

पाकीट, बाई. की दीर्घ.
वही ओढली, लिहून ठेवलं.

खाली तीन निळ्या ओळी:
उघड.
कप्प्यात ठेव.
समुद्रात टाक.

आणि मग काहीच नाही.
चारकोपची दुपार, वर पेडणेकरांचा मिक्सर,
आमटीवर साय धरलेली,
आणि पडद्यावर ते बारीक उभं दांडकं
लुकलुकत माझी वाट बघतंय.
पुढे काय व्हावं, हे मला
आजवर कोणी विचारलं नव्हतं.
लेखक ठरवायचे. मालक ठरवायचे.
मी ऱ्हस्व-दीर्घ.

उघडलं.

'मी बरा आहे. काळजी नसावी.'
एवढंच. सही नाही.

लाल पेनाशिवाय दुसऱ्याचं पत्र वाचलं
म्हणून कानामागे गरम झालं.
कोपऱ्यातला मागे जायचा बाण दाबला.
पुन्हा थैली, पुन्हा पाकिट, पुन्हा तीन ओळी.
या वेळी शहाण्यासारखं कप्प्यात ठेवलं.
अक्षरं उमटली:
'ठेवलंस. पण कड फाटलेली आहे.'

अठ्ठ्याऐंशी सालचा मे. मुहूर्तांची झोड.
भाटलेकरांच्या पत्रिकेत
नवऱ्या मुलाच्या बापाच्या नावाआधी
'श्री.'च्या जागी 'कै.' राहिला.
तीनशे पत्रिका. निम्म्या वाटून झालेल्या.
तो कैलासवासी स्वतः जिना चढून आला.
ओरडला नाही. पाणी मागितलं.
पत्रिका माझ्या टेबलावर सरळ करून ठेवली,
दोन बोटांनी तिची घडी दाबली
आणि म्हणाला, "मी बरा आहे."
रातोरात नव्या छापल्या, फुकट.
शुद्धिपत्र कुठे चिकटवणार होतो?
वाटलेल्या दीडशे
कुणाकुणाच्या देव्हाऱ्यापाशी, हळदीकुंकू लागून,
तशाच राहिल्या असतील.

आमटी गार झाली. तशीच प्यायलो.
बेटावर आणखी सात वेळा गेलो.

रात्री मृण्मयी आली. वहीचं पान दिलं:
पाकीट, की दीर्घ.
'त्याच्या कडे' जोडून.
मोठी भरती पौर्णिमेला; तू चतुर्थीला आणली आहेस.
फाटलेली कड – उत्तम.

"कुठली कड?"
दाखवली. तिनं कपाळाला हात लावला.
"अहो काका, तो बग आहे!
मागे गेलं की सगळं पुसलं जायला हवं.
आज रात्रीच काढते."

वही परत घेतली.
तिनं त्या ओळीवर फुली मारली होती.
ओळीखाली बारीक टिंबं दिली,
एका ओळीत, न घाई करता, हात अजून चळत नाही.
"हे काय?"
"प्रेसची खूण. खोडलेल्याखाली टिंबं आली
की कंपोझिटर हात लावत नाही."

बराच वेळ ती टिंबांकडे बघत राहिली,
मग लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली,
"पाकीट तरी दीर्घ करू ना?"

तेवढं करच.