नजर पडद्याबाहेर : एकोणीस वेळा

यंत्राने तिच्या नावापुढे लाल झेंडा रोवलाय.
थोझामा माजोला, वय सत्तेचाळीस,
बालशिक्षण, दुसरं वर्ष, पेपर तिसरा.
नजर पडद्याबाहेर : एकोणीस वेळा.
अनोळखी आवाज : अकरा.
चेहरा गायब : एकदा, सहा मिनिटं.
खाली दोन चौकोन.
कॉपी केली. कॉपी केली नाही.
एकावर टिचकी मारायची आणि पुढच्या नावाकडे वळायचं.
पेपरमागे मला बेचाळीस रँड मिळतात,
चित्रफीत बघण्याचे वेगळे मिळत नाहीत.

तरी बघतो.
गेबेखात आज वारा पिसाळलाय,
खिडकीला मी जुन्या शब्दकोशाचा टेकू दिलाय.

पत्र्याची चौकी. मागे फळ्यावर गाड्यांचे नंबर.
तिच्या अंगात कंपनीचं जाकीट, दोन मापं मोठं,
लॅपटॉप मक्याच्या पिठाच्या डब्यावर.
ती एक वाक्य लिहिते. उजवीकडे बघते.
उजवीकडे फाटक असणार,
कारण दिव्यांचा झोत तिच्या गालावरून सरकतो
आणि लिंबांनी लादलेला ट्रक
घरघरत बंदराकडे निघून जातो.
मोलो, मामा, म्हणतो कुणीतरी.
ती मोलो म्हणते, नंबर टिपते, पुन्हा वाक्यात शिरते,
जिथे सोडलं होतं नेमकं तिथेच.
अकरा आवाज म्हणजे अकरा ड्रायव्हर.
एकाने काडेपेटी मागितली.
उत्तर कुणीच सांगितलं नाही.

आणि ती सहा मिनिटं?
वीज गेली. खुर्ची रिकामी.
काळोखात टॉर्चचा ठिपका कुंपणाच्या कडेने चालत गेला,
एके ठिकाणी थांबला, परत आला.
परीक्षेचं घड्याळ तेवढं जागचं हललं नाही, चालतच राहिलं.

प्रश्न चौथा. मुलाचं निरीक्षण म्हणजे काय? गुण पाच.
तिने लिहिलंय :
मूल काय करतंय ते बघणं,
आणि आपलं बघणं त्याला जड होऊ न देणं.
माझा नातू बूट उलटे घालतो. मी बोलत नाही.
चौथ्या दिवशी तो आपणच थांबला,
पायांकडे बघत बसून राहिला.
ते बसणं मी वहीत लिहून ठेवलं.

नमुना-उत्तरात 'जड' हा शब्द नाही.
मी तीन दिले.
खोडून चार केले.
मग आठवला क्लाइव्ह प्लाट्जीस, बसचे ब्रेक दुरुस्त करणारा,
काल अशाच अर्ध्या उत्तराला त्याला तीनच दिले होते.
आज कळवळ्याने माप बदललं
तर काटा माझाच खोटा.
पुन्हा तीन.

मग खालचा चौकोन. कॉपी केली नाही.
यंत्राने विचारलं, कारण?
मी लिहिलं, ती कामावर होती.
हे कारण यादीत नाही, यंत्र म्हणालं.
यादीतलं एक निवडलं : तांत्रिक अडचण.
एकूण एकसष्ट. पास.

तिसऱ्या दिवशी तिचा निरोप.
मला वाटलं, आभार असतील.

सर, पास झाले ते कळलं.
चौथ्या प्रश्नातले दोन गुण कुठे गेले ते सांगा.
पुढच्या वर्षी मला ते लागतील.
सकाळी सहाला ड्युटी सुटते, तेव्हा फोन करते.

सहाला पाच कमी आहेत.
नमुना-उत्तर पुन्हा उघडून बसलोय,
बोट फिरवत, एकेक मुद्दा.
हेतू आहे. कृती आहे. नोंद आहे.
तारीख नाही, वेळ नाही. हा एक सापडला.
फळ्यावर प्रत्येक ट्रकपुढे तास-मिनिटं लिहिणारी बाई
नातवापुढे लिहायची विसरली,
हे सांगितलं की बहुतेक हसेल.

दुसरा गुण अजून सापडत नाही.
फोन वाजतोय.