जरा जवळ

ग्रिम्सबी. फेब्रुवारीतले साडेतीन.
पुढच्या खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी
इस्पितळातून आलेली कॉट.
कॉटवर डोरीन. ओठांना लिपस्टिक.
"माझी मीच लावलीय, वाकडी असली तर असू दे."

क्लिफ काळा टाय बांधून आला.
"तो राहू दे रे," ती म्हणाली,
"लागेलच लवकर."
मुलगी स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज.

मी म्हटलं, जरा जवळ बसा.
त्यानं खुर्ची ओढली.
अजून जवळ.
चाळीस वर्षं धक्क्यावर मासळीच्या पेट्या उचललेला माणूस
कॉटच्या कडेला असा टेकला
की खाली गादी नव्हे, अंड्यांची टोपली असावी.
नोव्हेंबरपासून तिला हात लावायला भितो,
हे मुलीनं मला नंतर दारात सांगितलं.

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.
मी कळ दाबली.
"झालं?" तो उठायच्या बेतात.
नाही, म्हटलं. उजेड नीट नाहीये.
भिंग बदललं. पुन्हा पहिलंच लावलं.
पडदा सारला, परत ओढला.
हनुवटी थोडी खाली. हं. तसंच.

रस्त्यावरचे दिवे लागले.
कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच संपली होती.
क्लिफला तसंही ऐकू कमी येतं.
डोरीनला कळलं असावं.
तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि डोळे मिटून घेतले.

मी डोळ्याला काळोख लावून
म्हणत राहिले,
हलू नका,
आणखी एक,
आणखी एकच.